डेल्फिनोच्या पेटीतली ऑरेस्तेची जर्सी

मी, जेनोवेफ्फा कोदा, दिवंगत डेल्फिनो रामेल्ला याची विधवा, राहणार रिवालुंगा गाव, बिएल्ला शहराच्या वरच्या अंगाला, पूर्वी लोकरीच्या गिरणीत पिंजणीला, हल्ली घरीच, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, डोकं ठिकाणावर असताना, माझ्या मागे माझ्या वस्तूंचं काय करायचं ते लिहून ठेवते. डावा कान गेला आहे, पण कान मृत्युपत्राला लागत नाही असं नोटरी साहेब म्हणाले. मला कोणी धाक दाखवला नाही की भरीस घातलं नाही. कॉफी प्याले ती माझी मीच केलेली.

नोटरी साहेब म्हणाले, "वेफ्फाबाई, पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत सगळं तुमच्या हातचं पाहिजे. मध्ये दुसऱ्याचा एक शब्द आला तर कागद बाद." मी म्हटलं, "साहेब, मी दुसरीतून उठून गिरणीत गेले. माझी अक्षरं अर्धीच राहिली." ते म्हणाले, "अर्ध्या अक्षरांतही पुष्कळ मावतं." माणूस बरा आहे, फक्त घोट घेताना आवाज करतो. अशा हातच्या कागदाला साक्षीदार लागत नाहीत असंही त्यांनी सांगितलं. हे मला काही पटलं नाही. लग्नाला साक्षीदार लागतात, आणि मरायला कोणी नको? मी दोन घेणार. एक पोस्टमन व्हिताले, पेन्शन आणतो तो. दुसरी कोण ते मी ठरवलं आहे. होकार तिने द्यायचा आहे.

खरं सांगायचं तर मला लिहायला मजा येते आहे. एवढं सलग मी जन्मात लिहिलं नव्हतं. नात नीव्हेस म्हणते, "आजी, मृत्युपत्र लिहिताना कोणी असं हसतं का?" मी म्हटलं, रडायचं ते कलम सहात आहे, तोवर हसून घेते.

आता आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला घोर नको. हा सगळा खटाटोप एका लाल जर्सीसाठी आहे. ती आमच्या पेटीत आहे पण आमची नाही. माझे डोळे मिटायच्या आत ती जिची आहे तिच्या हातात गेली पाहिजे. नाहीतर सायकल क्लबवाले ती काचेच्या कपाटात भलत्याच माणसाच्या नावाने टांगतील. बाकीची कलमं लहान आहेत.

कलम एक. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि माळा, हे मुलगा क्विंतो याला. नाव क्विंतो, म्हणजे पाचवा. आहे एकुलता एक. डेल्फिनोच्या आशा मोठ्या होत्या. अर्धं तर कायदाच मुलाला देतो म्हणे, मग उरलेलं अर्धं मी दिलं असं त्याने समजावं आणि मला दुवा द्यावा. अट एकच. अंगणाकडची खिडकी बुजवायची नाही. सूनबाईला तिथे फ्रिज ठेवायचा आहे, मला माहीत आहे. त्या खिडकीतून समोरचं दार दिसतं, आणि समोरच्या दारात एर्सिलिया राहते. सकाळी तिची झडप उघडली की ती जिवंत आहे हे मला कळतं, माझी उघडली की तिला कळतं. आम्ही दोघींनी असंच चालवलं आहे. मी गेल्यावर तिला कोणीतरी झडप उघडून दाखवायला हवी.

कलम दोन. पोस्टातले पैसे. किती आहेत ते पासबुकात आहे, इथे लिहीत नाही, कारण हा कागद सूनबाईही वाचणार. त्यातून माझं क्रियाकर्म आणि चर्चमध्ये माझ्या नावाने एक मिस्सा. बँड नको. आमच्या गावच्या बँडात तुतारीवाला बेसूर आहे आणि मला शेवटच्या दिवशी तरी ते ऐकायचं नाही. उरेल ते नीव्हेसला.

कलम तीन. विणायच्या सुया, लाकडी आणि पोलादी दोन्ही, नीव्हेसला. ती कारखान्यात मशीनवर विणते, एका दिवसात मी महिनाभरात विणीन तेवढं. तरी सुया तिलाच. वीज गेली की कळेल.

कलम चार. डेल्फिनोचे शर्यतीचे कपडे. हे मात्र नीट लिहायला हवं, कारण आजकालची पोरं सायकलवर बसतात ती रंगवलेल्या पोपटासारखी, आणि त्यांना वाटतं शर्यतीचा पोशाख म्हणजे असाच पहिल्यापासून.

काळी विजार, गुडघ्यापर्यंतची, आतून बैठकीला मऊ कमावलेलं कातडं शिवलेलं, ती क्विंतोला. ते कातडं धुतलं की पापडासारखं कडक व्हायचं. मग मी त्याला चरबी चोळून चोळून मऊ करायची, आणि शर्यतीच्या पहाटे आमच्या घराला खाटकाच्या दुकानाचा वास यायचा. धुळीचा चष्मा, बाजूने कातडी झापडं असलेला, तोही क्विंतोला. तो काढला की डेल्फिनोच्या डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं दिसायची आणि बाकी तोंड चुलीतून काढल्यासारखं. लग्नाच्या फोटोतही ती वर्तुळं आहेत, कारण लग्नाच्या आदल्याच रविवारी शर्यत होती. घोट्यापर्यंतचे बूट नीव्हेसच्या नवऱ्याला, त्याचा पाय लहान आहे. कापडी टोपीही त्याला. तिच्याखाली उन्हाळ्यात ओलं कोबीचं पान ठेवत, डोकं गार राहायला. जादा टायर दोन्ही खांद्यांवरून आठाच्या आकड्यासारखे घालत. ते कधीच कुजले, ते कोणाला देता येत नाहीत.

त्याची हिरवी जर्सी मी विणली होती, गिरणीतल्या उरल्यासुरल्या जाड लोकरीची. वर हिरवी जर्सी आणि टोपीखाली कोबीचं पान, म्हणून सगळं गाव त्याला कोबी म्हणायचं. ती जर्सी आता नाही. ती कुठे गेली ते पुढे येतं.

डेल्फिनोचा जिवलग ऑरेस्ते बोज्जो. समोरच्या एर्सिलियाचा नवरा. दोघं एकाच अंगणात वाढले, एकाच गिरणीत लागले, शर्यतीत शेजारी शेजारी चालवायचे. पण कपड्यांत जमीनअस्मान. ऑरेस्ते म्हणजे नटवा. मिशीला मेण लावून ती रात्री फडक्यात बांधून झोपायचा. गळ्याला पांढरा रेशमी रुमाल. मोजे दोन्ही पायांवर अगदी सारखे दुमडलेले, पाऊस असो की चिखल. म्हणायचा, "हरलो तरी चालेल, पण फोटोत हरलेला दिसता कामा नये." एर्सिलियाने त्याच्यासाठी लाल जर्सी विणली, वाइनसारख्या लाल रंगाची, पांढरी कॉलर, खांद्यावर बटणं, छातीवर दोन खिसे. इतक्या बारीक सुतात विणली की अंगठीतून जावी. थंडीच्या दिवशी बाकीचे जर्सीखाली वर्तमानपत्राचे कागद कोंबायचे, उताराचा वारा लागू नये म्हणून. ऑरेस्ते कागद घालायचा नाही. का, तर छाती फुगलेली दिसते.

डेल्फिनो म्हणायचा, "अरे नटव्या, गोठून मरशील."

तो म्हणायचा, "मरेन, पण कोबी होऊन नाही."

असं बोलायचे. तरुण होते.

कलम पाच. तांब्याचा मोठा हंडा, कपडे रंगवायचा, चर्चमधल्या सिस्टरांना द्यावा, जॅम करायला. नीट घासून द्यावा. मी तो त्या दिवसानंतर वापरलेला नाही. आणि तो दिवस इथेच लिहिते, कारण त्याशिवाय कलम सहा कळणार नाही.

पहिल्या मोठ्या लढाईच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. जूनमधली तीन घाटांची शर्यत. सकाळी निघताना पाऊस. त्या काळी नंबराचं फडकं जर्सीवर चारी बाजूंनी शिवावं लागायचं, टाचणी चालायची नाही, पंच ओढून बघायचे. मी डेल्फिनोच्या हिरव्या जर्सीवर शिवला, एर्सिलियाने ऑरेस्तेच्या लालवर. शर्यत आमच्या गावावरून घाटात चढायची, पलीकडे उतरायची, बाकीचे दोन घाट फिरून दुपारी पुन्हा आमच्या वळणावरून शहराकडे जायची. एर्सिलिया दर वर्षी त्या वळणावर उभी राहायची. ऑरेस्तेला ते माहीत असायचं. वळणाच्या अलीकडे तो मिशी पुसून घ्यायचा.

दुपारच्या आत गिरणीच्या ऑफिसात टेलिफोन आला. घाटाच्या पलीकडे उतारावर एक जण दरीत गेला. हिरवी जर्सी, अमुक नंबर. त्यांनी यादीत नंबर पाहिला. डेल्फिनो रामेल्ला.

मला सांगायला एर्सिलियाच आली. तिने मला धरलं, खुर्चीत बसवलं, खिडक्या लावल्या. आमच्याकडे माणूस गेला की बाईचे सगळे कपडे त्याच दिवशी काळे करतात, उद्यावर ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी कोणी तुम्हाला रंगीत पोलक्यात पाहिलं तर जन्मभर बोलतात. मला उठवत नव्हतं. तेव्हा एर्सिलियानेच गिरणीतून काळा रंग मागून आणला, हंडा चढवला, माझं कपाट रिकामं केलं. घागरे, पोलकी, मोजे, लग्नातली निळी शालसुद्धा. बाह्या सारून लाकडी दांड्याने ढवळत उभी. कोपरापर्यंत काळी झाली होती. आणि ढवळता ढवळता पुटपुटली, "देवा, मला माफ कर. माझा नाही."

मी ऐकलं. तेव्हा मला दोन्ही कान होते. तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, म्हणून त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त झालं ते लिहिलं.

दुपारी सायकलवाले वळणावरून जायला लागले तेव्हा ती हात न धुताच तिकडे धावली. एकामागून एक गेले, चिखलाने माखलेले. लाल जर्सी त्यांत नव्हती. शेजारणींना ती म्हणाली, "तो नाही यायचा आता. डेल्फिनोपाशी थांबला असेल. मित्राला टाकून येणाऱ्यातला नाही तो." ती तिथेच उभी राहिली. संध्याकाळची घंटा झाली. आणि वळणाच्या वर, मारियामातेच्या छोट्या देवळीकडून येणाऱ्या पायवाटेने, लाल जर्सी खाली उतरली.

मी दारातून पाहिलं. एर्सिलिया पळत सुटली. "ऑरेस्ते! अरे ऑरेस्ते!" डोळ्यांवर चष्मा, तोंडभर चिखल, खांद्यावर मोडकी सायकल, काय ओळखणार. तिने जाऊन त्याला छातीशी दोन्ही हातांनी धरलं. मग चष्मा वर केला.

तो डेल्फिनो होता.

त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा घाटमाथ्यावर मोडला होता. माथ्यावर बर्फ पडत होतं आणि ऑरेस्तेचे दात वाजत होते. डेल्फिनोची शर्यत संपलीच होती, म्हणून त्याने आपली जाड जर्सी काढून त्याला घातली, आणि त्याची लाल आपण घातली. नंबर जर्सीवरच शिवलेले, ते जर्सीबरोबर गेले. ऑरेस्ते पलीकडे उतरला. डेल्फिनो खेचरांच्या पायवाटेने अलीकडे चालत आला. पलीकडे काय झालं ते त्याला कुठून कळणार?

त्याला पाहून मी हसले. मोठ्याने हसले. ज्या बाईचा नवरा मेल्यावर घरी येतो ती हसते, तिला दुसरं काही येत नाही. एर्सिलिया माझ्याकडे बघत होती. आधी तिला काही कळलं नाही. मग कळलं.

त्या रात्री माझे काळे कपडे अंगणात दोरीवर ठिबकत होते. एर्सिलिया आली आणि एकेक काढायला लागली. मी म्हटलं, "ओले आहेत अगं." ती म्हणाली, "तुला आता नकोत." मग आपले रंगीत कपडे आणून माझ्या ओट्यावर ठेवले. ती उंच आणि काडीसारखी, मी बुटकी आणि गोल. माझे घागरे तिला पोटरीपर्यंत आले. तिची चेरीची नक्षी असलेली पोलकी माझ्या छातीवर बसेनात, मी काखेत तुकडे लावले. तसेच दोघी वर्षानुवर्षं फिरलो. ज्यांना माहीत नव्हतं ते हसायचे. ज्यांना माहीत होतं ते बघायचे नाहीत.

मृतदेहाबरोबर हिरवी जर्सी पोलिसांनी एर्सिलियाला दिली. तिने ती उसवली आणि लढाईत सैनिकांसाठी मोजे विणले. मला विचारलं नाही. मीही काही म्हटलं नाही. कुठल्या कुठल्या पोरांच्या पायांत गेली असेल.

कलम सहा. लाल जर्सी.

तिच्या छातीवर दोन काळे पंजे आहेत, बोटं पसरलेली. एर्सिलियाचे. रंगाने भरलेल्या हातांनी तिने धरलं तेव्हा उमटलेले. गिरणीचा रंग होता तो, जन्मात जायचा नाही. डेल्फिनोने जर्सी धुतली, घडी केली, आणि महिन्याने समोर घेऊन गेला. एर्सिलियाने दार अर्धंच उघडलं. "तो तुझ्या कपड्यांत गेला," ती म्हणाली, "तेव्हा हे तू ठेव. माझ्या घरात आणायचं नाही आणि त्या दिवसाचं बोलायचं नाही." डेल्फिनोने ती पेटीत तळाला ठेवली. पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही.

बाकी सगळं आम्ही बोलतो, बरं का. भांडण नाही. कोंबड्यांवरून बोलतो, तिच्या गुडघ्यावरून, माझ्या मक्याच्या पिठाच्या पोलेंतावरून, कारण माझ्या पोलेंतात गाठी होतात असं ती जन्मभर सांगत आली आहे. डेल्फिनो फुप्फुसांत गिरणीची लोकर भरून वारला, दुसऱ्या लढाईनंतर, तेव्हा ती अंगण ओलांडून आली. हातात एक काळा घागरा. म्हणाली, "घे, तुझाच आहे. राखून ठेवला होता. आता होणार नाही तुला, ढेरी बघ." कमरेला पट्टी घालून तोच घातला. पण त्या दिवसाचा शब्द नाही. साठेक वर्षं झाली.

आता वाळवंटात झरा फुटावा तशी क्लबवाल्यांना जुन्या शर्यतवाल्यांची आठवण झाली आहे. अध्यक्ष सेराफिनो आला, क्विंतोला बरोबर घेऊन.

"आजी, डेल्फिनोबाबांची जर्सी द्या. काचेत लावतो. खाली नाव, साल, सगळं छापून."

"ती त्याची नाही."

"म्हणजे? तुमच्याच पेटीत तर आहे."

"पेटीत उंदीरही आहे. तो काय रामेल्ला झाला?"

क्विंतो म्हणाला, "आई, दे ना. बाबांचा मान आहे." सेराफिनो जर्सी उजेडात धरून म्हणाला, "आणि हे काळे डाग ड्राय-क्लीनरकडे देऊ, तो काढतो बरोबर." मी म्हटलं, "डागांना हात लाव, मग दाखवते तुला." गेला बिचारा. वाईट नाही तो. पण नाव छापलं की छापलं, मग कितीही ओरडा.

म्हणून लिहिते. लाल जर्सी ऑरेस्ते बोज्जोची आहे, त्याची बायको, माहेरची मोस्का, एर्सिलिया हिने विणलेली आहे, आणि ती एर्सिलिया मोस्काला जावी. डाग कोणी काढायचे नाहीत. काचेत ठेवायची, जाळायची की पायपुसणं करायची, ते तिचं तिने ठरवावं.

तिच्याबरोबर मी आणखी एक गोष्ट तिला ठेवते. ती पेटीत मावत नाही. घाटमाथ्यावर जर्सी बदलताना ऑरेस्ते जे बोलला ते डेल्फिनोने मला त्याच रात्री सांगितलं. ते बोलणं माझं नाही, तिचं आहे. पण तिने ऐकायचं नाकारलं म्हणून माझ्यापाशी राहिलं. मी मेले की ते कोणाकडेच नसेल. त्याने लाल जर्सी काढून, बर्फात उभं राहून, तिची घडी केली. म्हणाला, "ताणू नकोस रे, तुझं पोट मोठं आहे. आणि देवळीपाशी माझी वाट बघ. तिथे परत बदलू. एर्सिलिया वळणावर उभी असेल, तिच्यासमोर मी हा कोबी घालून जायचो नाही." शर्यत चालू असताना कपडे बदलायला थांबणार होता. दुसरा कोणी थांबला असता? डेल्फिनो म्हणाला, "वेळ जाईल तुझा." तो म्हणाला, "जाऊ दे की."

डेल्फिनो म्हणून इतका उशिरा आला. वळणाच्या अलीकडे, शर्यतीच्या रस्त्याला लागून देवळी आहे, तिच्या आडोशाला बसून होता. सगळे पुढे गेले, हिरवी जर्सी आली नाही, तरी घंटा होईपर्यंत बसला. वाट बघ म्हटलं होतं ना.

इथे काल मी थांबले. पुढचं आज लिहिते.

आज सकाळी झडप उघडली आणि खिडकीतून हाक मारली, "एर्सिलिया, ये इकडे, साक्षीदार पाहिजे."

"कशाला? कोणाचा खून केलास?"

"मृत्युपत्राला."

"एवढी घाई? पोलेंता तर अजून शिकायचा आहे तुला."

आली. बसली. मी सांगितलं, आधी ऐक आणि मग सही कर. कलम एकापासून वाचायला लागले. खिडकीच्या अटीला तिने मान हलवली. तुतारीवाल्याला हसली. कलम चारला म्हणाली, "रुमाल रेशमी नव्हता, सुती होता. इस्त्री मी करायची तशी." कलम पाच सुरू झालं तशी उठली. दारापर्यंत गेली. मी वाचायचं थांबवलं नाही, मोठ्याने वाचत राहिले, बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती ते कळत नाही हे सोयीचं असतं. ती माझ्याकडे पाठ करून दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "माझा नाही" हे वाचलं तेव्हा तिची पाठ हलली.

"म्हणजे तू ऐकलं होतंस."

"हो."

"मला वाटलं, देवानेच ऐकलं." तिने चौकट घट्ट धरली. मग म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटतं, म्हणून देवाने बदललं. तुझ्यावर टाकलं होतं, ते उचललं आणि माझ्यावर टाकलं. तुझ्या हसण्याचा राग नव्हता, बये. तू हसलीस की मला माझंच बोलणं ऐकू यायचं."

मी शिकलेली नाही. मी म्हटलं, "अगं, टेलिफोन आला तेव्हाच तो गेलेला होता. तू हंडा चढवलास त्याच्या कितीतरी आधी. मग देवाने काय बदलायचं होतं? तू म्हणालीस ते उशिरा म्हणालीस. कोणाचंच काही झालं नाही त्याने."

ती वळली. माझ्याकडे बघत राहिली, हिशेब जुळतो का ते बघावं तशी. इतका सोपा हिशेब, पण कोणाशी बोललीच नाही तर जुळणार कसा?

"पुढचं वाच," म्हणाली.

कलम सहा वाचलं. ऑरेस्तेचं बोलणं वाचताना माझाच आवाज फुटला, तिचा नाही. तिने नीट ऐकून घेतलं. "जाऊ दे की, असं म्हणाला?"

"असंच म्हणाला."

"मेला नटवा," ती म्हणाली. "मी त्याला पोत्यातसुद्धा ओळखलं असतं." आणि मग रडली, तोंडावर हात न घेता, जशी लहान पोर रडते. मीही रडले. कॉफी उतू गेली.

मी पेटीतून जर्सी काढून टेबलावर ठेवली. तिने आधी हात लावला नाही. मग बाही उचलली, उजवी काख उलटी केली आणि म्हणाली, "हे बघ. इथे टाका सुटलेला आहे. त्या दिवशी सकाळीच मला दिसला होता. त्याला म्हटलं, संध्याकाळी परत आलास की उचलते." मग माझ्याकडे हात पुढे केला. "बारीक सुई दे."

नोटरी साहेबांनी सांगितलं आहे की जिला काही मिळतं तिने साक्ष देऊ नये, वाईट दिसतं. म्हणून लाल जर्सीपुरतं कलम सहा मी रद्द करते. ती वस्तू आता माझ्या मिळकतीत नाही. तिची मालकीण ती माझ्या हयातीत, माझ्यासमोर घेऊन बसली आहे. क्लबने विचारलं तर समोरच्या दारी विचारावं.

यापलीकडे माझं काही नाही. आधी कधी काही लिहून दिलं असेल तर ते धरू नये. सगळं माझ्या हातचं आहे, चुका धरून. पोस्टमन व्हिताले कधीचा सही करून दारात उभा आहे, त्याची थैली भरलेली आहे. एर्सिलिया खिडकीशी बसून टाका उचलते आहे. तिला म्हटलं, आधी सही कर. ती म्हणते, थांब, हात गुंतलेत.

ठिकाण: रिवालुंगा
दिनांक: ११ नोव्हेंबर १९७१, संत मार्तिनोचा दिवस

लिहून देणार:
जेनोवेफ्फा कोदा, डेल्फिनो रामेल्लाची विधवा

साक्षीदार:
व्हिताले ग्रेम्मो, पोस्टमन
एर्सिलिया मोस्का, ऑरेस्ते बोज्जोची बायको